हाताच्या काळ्या रेषा

मेहनाज उन्हाने काळी पडलेली नाही, हे साबिराने किती जणांना सांगितलं असेल! पण सौदीतल्या अल-खोबरच्या त्या इमारतीत, वहाबच्या नातेवाइकांत, शाळेच्या फाटकाशी थांबणाऱ्या बायकांत, सगळ्यांचं एकच पालुपद: "पोरीला ऊन लागतंय गो. जरा जप तिला."

ऊन लागायला पोर उन्हात जायला तर हवी. घरातून गाडीत, गाडीतून शाळेत, शाळेतून परत एसीत. समुद्रकाठी कॉर्निशवर गेलेच तर मगरीबनंतर, सूर्य बुडाल्यावर. तरी वर्षभरात मेहनाजचा चेहरा काळवंडला, मान काळवंडली, कोपरं आणि बोटांची पेरं तर अशी झाली की वर्गातल्या मुली विचारायच्या, तू हात धूत नाहीस का?

मेहनाज पंधरा वर्षांची, साबिरा आणि वहाबची एकुलती एक. दोघंही मूळचे श्रीवर्धनकडचे. वहाब अबकैकच्या तेल प्रकल्पात इंजिनियर होता. साबिरा लग्नाआधी गावच्या हायस्कूलात मराठी शिकवायची, इथे घर सांभाळायची. वहाबची मोठी बहीण झेबा दोन गल्ल्या सोडून राहायची. ती दर शुक्रवारी जेवायला यायची आणि येताना पर्समधून गोरं करणारी एक नवीन ट्यूब आणायची.

"ही लाव रोज रात्री," ती मेहनाजला सांगायची. "उद्या स्थळं बघायला लागलो की कळेल तुला."

"फुफी, मैं पंद्रह साल की हूँ," मेहनाज म्हणायची आणि उठून खोलीत जायची. जाताना मात्र ताटातलं सगळं लोणचं चाटूनपुसून खाल्लेलं असायचं. गेल्या काही महिन्यांत तिला खारटाचं वेडच लागलं होतं. ऑलिव्हची बरणी संपली की आतलं मिठाचं पाणी ती ग्लासात ओतून प्यायची. साबिरा ओरडायची, वहाब ओरडायचा, झेबा तर म्हणायची की पोरीवर कसलीशी सावली आहे. आणि इतकं मीठ पोटात जाऊनही पोर दिवसेंदिवस वाळत चालली होती. सकाळी उलट्या, उभं राहिलं की अंधारी. शाळेतून आली की बूटसुद्धा न काढता सोफ्यावर पडायची.

वहाबला वाटायचं, आळस. "आम्ही या वयात विहिरीचं पाणी भरायचो," तो म्हणायचा.

साबिरा तिला घेऊन डॉक्टर दीनानाथांकडे जायची. त्या भागातल्या मराठी लोकांचे ते हक्काचे डॉक्टर. खासगी पॉलिक्लिनिकमध्ये बसायचे, मराठीत बोलायचे, ईदला आवर्जून फोन करायचे. परक्या मुलखात आपल्या भाषेत दुखणं सांगता येतं हेच साबिराला केवढं वाटायचं. म्हणून तर ती पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच गेली.

"वहिनी, तुम्ही फार विचार करता," ते म्हणाले. "मुलगी वयात येतेय. दहावीचं टेन्शन आहे. जेवत नाही, मग चक्कर येते. आणि रंगाचं म्हणाल तर..." ते हसले. "आपण कोकणातली माणसं. आपण कधी गोरे होतो?"

"डॉक्टर, तिच्या हिरड्यांवर काळे डाग आलेत. हिरड्यांना ऊन लागतं का?"

"होतं असं. व्हिटॅमिन डी लिहून देतो."

ते संगणकाकडे बघत टाइप करत राहिले. मेहनाज खुर्चीत बसली होती, तिचं तोंड बंद होतं, आणि ते उघडायला तिला कोणी सांगितलंच नाही.

शाळेत क्रीडादिनाची तयारी सुरू झाली तेव्हा मेहनाजने धावायला नकार दिला. सुपरवायझर वीणा मॅडमनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागितलं. साबिरा दीनानाथांकडे गेली, म्हणाली, तिला सूट द्या. त्यांनी लिहून दिलं की मुलीला कोणताही आजार नाही, ताण आहे, आणि व्यायामाने फायदाच होईल. साबिराने तो कागद शाळेत दिलाच नाही. पण मॅडमनी क्लिनिकला फोन करून विचारलं, आणि त्यांना उत्तर मिळालं. एका आईने आपल्या मुलीसाठी सूट मागितली, आणि दोन शिकलेल्या माणसांनी फोनवर ठरवून टाकलं की आई लाड करते.

मेहनाजला चौथ्या तासाला मैदानावर नेलं. अर्धी फेरी झाल्यावर ती ओकली. "नाटक बंद करो," असं कोणीतरी म्हणालं. कोण, ते मेहनाजला नंतर आठवलं नाही, शब्द तेवढे आठवले. ती आणखी थोडी धावली आणि तोंडावर पडली.

साबिराला फोन आला तेव्हा वहाब प्रकल्पात होता, तिथे आत फोन नेता येत नाही. ती स्वतः गाडी घेऊन निघाली. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये एका बाकावर मेहनाज आडवी पडली होती. ओठ पांढरे, हात बर्फासारखे गार. शेजारी वीणा मॅडम उभ्या होत्या.

"मैम, हर टेस्ट के पहले यही होता है," त्या म्हणाल्या. "कल मैथ्स का पेपर है ना."

साबिराने त्यांच्याकडे पाहिलं. तोंडाशी आलेलं सगळं तिने गिळलं, कारण आधी पोरीला उचलायचं होतं. शाळेच्या आयाने पाय धरले, साबिराने खांदे धरले. गाडीत घातल्यावर मॅडम म्हणाल्या, पॉलिक्लिनिक जवळच आहे. साबिराने गाडी उलट्या दिशेला, मोठ्या हॉस्पिटलकडे वळवली.

इमर्जन्सीत इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, दाखवेपर्यंत नर्सने मेहनाजच्या दंडाला पट्टा बांधला होता. आकडा बघून तिने पट्टा काढला, पुन्हा बांधला, आणि मग धावतच कोणालातरी बोलवायला गेली. रक्तदाब जवळजवळ नव्हताच. रक्तातलं सोडियम खाली गेलेलं, पोटॅशियम वर. सलाइन सुरू झालं. थोड्या वेळाने एक डॉक्टर आल्या. डोक्याला काळा हिजाब, तोंडावर मास्क, गळ्यात ओळखपत्र: डॉ. अरवा, हार्मोन्सच्या तज्ज्ञ.

त्यांनी आधी मेहनाजचा हात हातात घेतला. तळवा उलटा केला, दिव्याखाली धरला. तळहातावरच्या रेषा कोणी शाईने ओढाव्यात तशा काळ्या दिसत होत्या. मग ओठ उचलून हिरड्या पाहिल्या.

"हा रंग कधीपासून बदलतोय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"वर्ष झालं."

"कुणी हात पाहिला नाही?"

"सगळ्यांनी क्रीम दिलं," साबिरा म्हणाली.

डॉक्टर अरवांनी मेहनाजचा हात पुन्हा चादरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "ही उन्हाने काळी पडलेली नाही."

साबिराला रडू कोसळलं. वर्षभर ती हेच वाक्य बोलत होती.

किडन्यांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, अॅड्रिनल, अरवांनी सांगितलं. अंगातलं मीठ धरून ठेवणं, रक्तदाब सांभाळणं, ताप आला किंवा धावायची वेळ आली की शरीराला उभं करणं, हे सगळं त्यांच्या स्रावांवर चालतं. मेहनाजच्या ग्रंथी मरत चालल्या होत्या. मेंदू त्यांना काम करा म्हणून जास्तीत जास्त निरोप पाठवत होता, आणि त्या निरोपांनीच कातडी काळी पडत होती. "मीठ मागायची का?" त्यांनी विचारलं.

"ऑलिव्हचं पाणी प्यायची."

"म्हणून आज ती जिवंत आहे," अरवा म्हणाल्या.

स्टेरॉइडचं इंजेक्शन गेलं आणि संध्याकाळपर्यंत मेहनाजने डोळे उघडून आइस्क्रीम मागितलं. वहाब धावतपळत आला होता. साबिराने त्याला सगळं सांगितलं. तो पलंगाच्या कडेला बसून राहिला, पोरीच्या पायावर हात ठेवून. विहिरीच्या पाण्याचं त्याने पुन्हा कधी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहनाजच्या बोटांना मुंग्या आल्या, आणि बघता बघता तिचे दोन्ही हात मनगटातून आत वळले. बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली, काही केल्या उघडेनात. ती किंचाळली. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर आला आणि तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "घाबरलीय ती. हळू श्वास घे, हळू. रिलॅक्स."

साबिराच्या डोक्यात काहीतरी पेटलं.

"ती घाबरलेली नाही!" ती मराठीतच ओरडली, मग इंग्रजीत, मग अरबीचे येत होते तेवढे शब्द जोडून. "वर्षभर मला हेच सांगताय तुम्ही सगळे! घाबरलीय, टेन्शन आहे, नाटक आहे! आधी रक्त तपासा. रक्त तपासून झालं की मग सांगा मला, ती घाबरलीय म्हणून!"

वॉर्डातल्या बायका पडदे सारून बघायला लागल्या. वहाबने तिचा हात धरला, तिने तो झटकला. गोंधळ ऐकून अरवा आल्या. त्यांनी मेहनाजचे वळलेले हात पाहिले आणि त्या तरुण डॉक्टरला अरबीत दोनच वाक्यं बोलल्या. तो मान खाली घालून निघून गेला. कॅल्शियम तपासलं. फार कमी होतं. शिरेतून कॅल्शियम सुरू केल्यावर हात हळूहळू उघडले.

मेहनाज झोपल्यावर अरवा खुर्ची ओढून साबिरासमोर बसल्या.

"लहानपणी तोंडात पांढरे चट्टे यायचे का? बुरशीचे?"

"सारखे. दोन वर्षांची होती तेव्हापासून. अजूनही येतात. मला म्हणायचे बाटली नीट धुवा, दात नीट घासायला लावा. सासूबाई म्हणायच्या, मला लेकराची निगा ठेवता येत नाही."

"तुम्ही निगा ठेवली," अरवा म्हणाल्या. "आजार एकच आहे. चट्टे, हात वळणं, अॅड्रिनल. तिन्हीचं मूळ एक. खात्री करायला जनुकाची चाचणी पाठवते. पण मला काय वाटतं ते आत्ताच सांगते, कारण तुम्हाला ते कळायला हवं."

त्यांनी आपल्या छातीच्या हाडावर बोट टेकवलं. "या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. आपल्या रोगप्रतिकारक पेशी तिथे तयार होतात. रोगजंतूंवर तुटून पडणं हे त्यांचं काम. पण आपल्याच अवयवांना हात लावायचा नाही, हे त्यांना शिकावं लागतं. आता अडचण अशी की अॅड्रिनलचे पदार्थ अॅड्रिनलमध्येच असतात, दुसऱ्या ग्रंथीचे दुसऱ्या ग्रंथीत. थायमसमध्ये बसून त्या पेशींना ते दिसणार कसे? तर थायमसमध्ये एक प्रथिन असतं, त्याचं नाव एअर. ते जनुकं चालू करतं. एरवी फक्त अॅड्रिनलमध्ये चालणारं जनुक ते थायमसमध्ये थोडंसं चालू करतं, गळ्यात बसून कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइडचं चालू करतं, अशी किती तरी. म्हणजे प्रत्येक अवयवाचा नमुना तिथेच समोर येतो. जी पेशी त्या नमुन्यावर धावून जाते, तिला तिथेच संपवलं जातं. उरलेल्या बाहेर सोडल्या जातात."

"आणि मेहनाजमध्ये?" वहाबने विचारलं.

"मेहनाजमध्ये ते प्रथिन काम करत नाही. नमुने दाखवलेच गेले नाहीत. मग ज्या पेशी संपायला हव्या होत्या त्या बाहेर पडल्या आणि एकेक ग्रंथी गाठत गेल्या. बुरशीशी लढताना शरीर जे निरोप पाठवतं, तेसुद्धा तिचं शरीर अडवतं. म्हणून चट्टे."

"म्हणजे तिची प्रतिकारशक्ती कमी आहे," वहाब म्हणाला.

"कमी नाही. भरपूर आहे. शिकवलेली नाही, एवढंच."

साबिरा ऐकत होती. आजार बरा होणार नव्हता. रोज गोळ्या, ताप आला की जास्त गोळ्या, उलट्या झाल्या की इंजेक्शन, आणि पुढे आणखी एखादी ग्रंथी जाते का यावर लक्ष. अरवांनी काही लपवलं नाही. साबिराला वाटलं होतं की कारण कळलं की मन शांत होईल. उलट अंगाची लाही लाही झाली. पोरीच्या छातीत एक प्रथिन बिघडलं होतं, त्यात कोणाचा दोष नव्हता. पण हिरड्या तर सगळ्यांसमोर होत्या! तळहात सगळ्यांसमोर होते! जे डोळ्यांना दिसत होतं त्याला सगळ्यांनी रंग म्हटलं, वय म्हटलं, नखरे म्हटलं, आणि मरणाच्या दारात असलेल्या मुलीला मैदानावर पळवलं.

मेहनाज घरी आली त्या शुक्रवारी झेबा बिर्याणीचं भांडं घेऊन आली. पोरीला कुरवाळलं, रडलीही. मग जेवणावर बसल्यावर गोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "ही स्टेरॉइडं काही जन्मभर द्यायची नाहीत हां. तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. महिनाभर दे आणि बंद कर. मी हैदराबादच्या एका हकिमांचा नंबर आणलाय."

"बंद केली तर ती मरेल, आपा," साबिरा म्हणाली.

"असं अभद्र नको बोलू. आणि कुणाला सांगतही बसू नकोस. आमच्या खानदानात असलं काही कधी नव्हतं, आता लोक विचारतील हे आलं कुठून..."

तिने वाक्य अर्धवट सोडलं, पण बघितलं साबिराकडे. साबिराने हातातला घास ताटात ठेवला. ती बोलणार होतीच, पण आधी वहाब बोलला.

"माझ्याकडून आलं, आपा."

"काय बोलतोस?"

"डॉक्टरांनी समजावलंय मला. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच हा आजार होतो. एक साबिराची, एक माझी. माझी अम्मीकडून आली असेल किंवा अब्बांकडून, म्हणजे तुझ्यातही असू शकते." त्याचा आवाज चढला नव्हता, पण मेहनाजने मान वर करून बापाकडे पाहिलं. "अम्मी मरेपर्यंत साबिराला बोलत राहिली, पोराची निगा नाही म्हणून. मी ऐकून घेतलं. आता या घरात हे कोणी बोलायचं नाही. हकिमाचा नंबर तुझ्याकडेच ठेव. आणि त्या ट्यूबा आणणं आजपासून खलास."

झेबा उठून गेली नाही. तिने मेहनाजच्या ताटात चमचाभर रायता वाढला. पुढच्या शुक्रवारी ती आलीच नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी रिकाम्या हाताने आली.

चाचणीचा निकाल आला. अरवांनी सांगितलं होतं तेच निघालं. वहाब शाळेत गेला. प्राचार्यांनी खेद व्यक्त केला, वीणा मॅडम म्हणाल्या की त्यांनी डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवला. वहाबला ते पटण्यासारखं वाटलं. साबिराला मुळीच वाटलं नाही, पण डॉक्टरांच्या शब्दावर ती स्वतःही वर्षभर विसंबली होती. तेव्हा तिने ठरवलं की जिथून तो शब्द आला तिथे जायचं.

"मी पण येते," मेहनाज म्हणाली.

दीनानाथांनी त्यांना बघताच उठून खुर्च्या पुढे केल्या. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. "वहिनी, ऐकून फार वाईट वाटलं. पण खरं सांगतो, हा आजार लाखात एखाद्याला होतो. पुस्तकात वाचतो आम्ही. जनरल प्रॅक्टिसमध्ये तो सुचणं फार कठीण."

"आजार दुर्मीळ असेल, डॉक्टर," साबिरा म्हणाली. ती उभीच राहिली होती. "त्या प्रथिनाचं नाव तुम्हाला सुचायला हवं होतं असं मी म्हणतच नाही. पण रक्तदाब मोजायचं यंत्र दुर्मीळ नाही. ते तुमच्या टेबलावर आहे, ते बघा. सोडियमची तपासणी याच इमारतीत खाली होते. मी हिरड्यांवर डाग आहेत म्हणाले आणि तुम्ही तोंड उघडून बघितलं नाहीत. मला हसलात. माझ्या मुलीच्या रंगाला हसलात."

"तसा उद्देश नव्हता हो..."

"उद्देश काय होता ते मला नको सांगू... नका सांगू." तिची जीभ अडखळली. रागाने की सवयीने आदर आडवा आल्याने, तिलाही कळलं नाही. "मी तुमच्याकडे यायची कारण तुम्ही मराठी बोलायचात. मला वाटायचं, आपल्या माणसाला आपलं कळेल. तुम्ही माझं ऐकलंतच नाही हो. एक घाबरट बाई आणि तिची लाडावलेली पोरगी, एवढंच तुम्हाला दिसलं."

दीनानाथ चष्मा काढून पुसायला लागले. "काय करू म्हणता मी आता?"

माफी मागून घ्यावी असं तिला वाटत नव्हतं. तक्रार करावी, असं वहाबचा मित्र म्हणाला होता, आणि ती करणारही होती. पण समोर बसून हा माणूस तिलाच विचारत होता.

मेहनाजने मधेच तोंड उघडलं. "अंकल, आपने मुझसे कभी पूछा ही नहीं." ती थांबली. मग आठवून आठवून मराठीत म्हणाली, "तुम्ही सगळं अम्मीला विचारायचे. मला कसं वाटतं, ते मला विचारलं नाही. मी सांगितलं असतं. मला वाटायचं मी मरतेय. पण सगळे म्हणायचे नाटक, तर मलाच वाटायला लागलं की मी नाटक करते."

हे साबिरालाही माहीत नव्हतं. दीनानाथांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली. त्यांनी सॉरी म्हटलं, ते मेहनाजला म्हटलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "चला अम्मी," एवढंच म्हणाली.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. गाडीत बसल्यावर साबिराने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, पण किल्ली फिरवेना. राग जरासुद्धा कमी झाला नव्हता. आता त्यात स्वतःवरचाही राग मिसळला होता, आणि तो कुठे नेऊन ठेवायचा हे तिला कळत नव्हतं.

"तू मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"क्या बोलती? तुम तो पहले से लड़ रही थी सबसे," मेहनाज म्हणाली. मग खिडकीची काच वर करत म्हणाली, "अम्मी, एसी लावा ना. आणि उद्या तक्रार लिहाल तेव्हा मला वाचून दाखवा. माझं पण त्यात लिहायचं आहे मला."

साबिराने किल्ली फिरवली.